दीड बिघा

काकांच्या हिशेबाच्या वहीत, एकाच पानावर,
एकाच शाईने, एकाखाली एक:
हरभरा बियाणे, दोन मण.
काडतुसे, एक पेटी.
पंचमच्या बापास रात्रीचे, आठ आणे.

घाटीगावच्या अलीकडे, लाल दगडाच्या उतारावर,
हा दीड बिघा माणसांसाठी पेरलाच जात नसे.
कोवळे शेंडे, शेंड्यांवर पहाटेची आंब,
आणि वर करधईच्या दुबेळक्यात मचाण.
चितळ ते आंबट चाखायचं
आणि मान वर करायचं.
तेवढंच पुरायचं काकांना.

लष्करातल्या घरी बैठकीत शिंगं होती.
आम्ही त्यांवर छत्र्या टांगायचो.
काचेचे डोळे पुसायचं काम माझं,
शुक्रवारी, जुन्या बंडीच्या तुकड्याने.

मग छत्तीस वर्षं मुलींना जीवशास्त्र शिकवलं.
रवंथ. पोटाचे चार कप्पे.
फळ्यावर खडूने ते पोट काढताना
कधीच सांगितलं नाही
की मी ते उघडं पाहिलंय, आमच्या अंगणात,
आणि त्यात हरभरा होता, हिरवा, अजून न चघळलेला.

निवृत्त झाले आणि तोच तुकडा नांगरून घेतला.
बरसीम, इकडची जई, बांधाच्या कडेने हरभरा.
भाऊ पुण्याहून म्हणाला, विकून टाक, रस्ता येतोय.
पंचम म्हणाला, बाई, कोणासाठी?
म्हटलं, चितळांसाठी.
त्याने बियाण्याची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.
"बंदूक?"
नाही रे.
"मग?"

दर रविवारी टेम्पोने जायचे.
थर्मास, दुर्बीण, गुडघ्याचा पट्टा.
मचाणाला नव्या फळ्या मारून घेतल्या होत्या,
वर चढायला शिडीही.
कार्तिक गेला. मार्गशीर्ष गेला.
आले ते हे: गुर्जरांच्या नऊ शेळ्या,
एक रानडुक्कर, मोर तर रोजचेच,
आणि एक नीलगाय, जी जईत बसूनच राहिली
लग्नघरी आठवडाभर आधी आलेल्या आत्येसारखी.
चितळ एकही नाही.

पौषात पंचम म्हणाला, "मचाण पाडा आधी."
अरे, मी नुसती बघणार आहे.
"त्यांना काय ठाऊक, तुम्ही कशातून बघता."

पाडलं.
फळ्या त्याच्या सुनेने नेल्या.
आता त्यांवर तिची भांडी असतात.

पुढचे दोन रविवार मी गेलेच नाही. गुडघा.
तिसऱ्या रविवारी बांधावर तोमर उभा:
"तुमचे पाहुणे माझ्या गव्हात उतरले होते."
राग खरा होता, नुकसानही. चार वाफे.
दालबाजारातून दोन पोती गहू आणून दिला,
पैसे मोजताना मला हसू आवरेना.
त्याला ते मुळीच आवडलं नाही,
आणि त्याचं बरोबर होतं.

तो गेल्यावर हरभऱ्यात उकिडवी बसले.
ससा देठ तिरका कापतो, सुरीने कापावा तसा.
चितळाला वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात,
ते ओढून तोडतं, कड फाटकी राहते.
कडा फाटक्या होत्या.
पण शेळीलाही ते दात नसतात, हेही मीच शिकवलेलं,
म्हणून ओल्या मातीत खुरं शोधली.
शेळीचं खूर बोथट.
ही टोकदार होती, निमुळती,
तुरीच्या दोन शेंगा शेजारी ठेवाव्यात तशी,
आणि मधेच एक जोडी फार लहान.

मी काही पाहिलं नाही. दुर्बीण पिशवीतच होती.
बोटांना आंब लागली होती.
चाखली,
आणि का कोण जाणे, मान वर केली.
करधईत फळ्यांच्या जागी
नुसती जागा होती.